उभ्याने काढलेली खूण

९ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद. नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या बायकोने उचलला की "ते बाहेर गेलेत" एवढंच ऐकू येतं आणि मागून तुझा खाकरण्याचा आवाज येतो. बाहेर गेलेला माणूस घरात खाकरतो कसा, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिचा बिचारीचा काय दोष? म्हणून पत्र लिहायला घेतलं. पत्र आलं की घरात नाही असं सांगायची सोय राहत नाही.

हे मी तुझ्या वहिनीच्या आग्रहाखातर लिहितोय. ती म्हणाली, भाऊ आहे, निदान खुशाली तरी कळवा. तर खुशाली अशी की आम्ही मजेत आहोत. कारखाना चालू आहे. बाबांच्या माघारी आपण दोघांनी चालवला तोच, आणि नऊ वर्षांपूर्वी तू करवत खाली ठेवून ज्यातून निघून गेलास तोच. दारं, खिडक्या, कपाटं, पूर्वी होतं तेच काम. हाताखाली आता दोन कारागीर आहेत. दोघेही मी सांगेन ते ऐकतात, त्यामुळे कारखान्यात फार शांतता असते.

त्या चौकटीबद्दल मी काही लिहिणार नाही. ती वाकडी होती एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. गिऱ्हाइकासमोर मी तुझ्या मापावर पुन्हा माप घेतलं, ते तुझ्या नाकाला झोंबलं. असो. तो विषय नको.

एक लहानसं काम आहे. एक रक्ततपासणी करून घे. पीएसए म्हणतात. पन्नाशीपुढच्या पुरुषांनी करावी असं कुठेसं वाचलं. दंडातून थोडं रक्त काढतात. सुई बघितली की तुला घाम फुटतो हे माहीत आहे, तर तेवढा वेळ भिंतीकडे बघ. आणि जो आकडा येईल तो मला कळव.

दुसरं काही नाही.

दादा

२१ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात कुठेसं वाचलं असं लिहिलं होतं. वाचलं वगैरे काही नाही, डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. लिहून टाकलं एकदाचं. हा शब्द कागदावर लिहायला मला तोंडाने बोलण्यापेक्षा जड गेला.

लगेच घाबरून जाऊ नकोस. गाठ त्या ग्रंथीतच आहे, बाहेर कुठे पसरलेली नाही. बरं होण्यासारखं आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते उगीच पाठ थोपटणाऱ्यांतले नाहीत. मोजकं बोलतात, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

त्यांनी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. बाबा कशाने गेले, असं विचारलं. मी सांगितलं की पाठीने गेले. शेवटचं वर्षभर पाठ धरली होती, पुढेपुढे तर उठून बसताही येईना. जन्मभर फळ्या उचलल्या त्याचं हे फळ असं आपण समजत होतो आणि मलम चोळत होतो. डॉक्टर लिहीत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आता खात्रीने सांगता येणार नाही, पण हा रोग पसरला की पुष्कळदा हाडांत जातो आणि पाठच धरतो. तुला आठवतं, मी खांद्याखाली हात घालायचो आणि तू कमरेखाली, तरी ते कळवळायचे.

मग त्यांनी विचारलं, भाऊ किती? म्हटलं, एकच, धाकटा. त्याला सांगितलंत? मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. तर म्हणाले, "बोलणं नसलं तरी तपासणी होते. कळवा त्यांना." बाप आणि भाऊ दोघांनाही असेल, तर तिसऱ्याला व्हायची शक्यता कितीतरी वाढते. लवकर सापडला तर निभावतं. उशीर झाला की बाबांसारखं होतं.

तेव्हा हे काम कारखान्याचं नाही आणि चौकटीचंही नाही. रक्त तपासून घे.

आणि तुझ्या वहिनीने लिहायला सांगितलं हेही खरं नव्हतं. मी तुला लिहितोय हे तिच्या गावीही नाही. आधी मी लिहिणार नाही, मेलो तरी लिहिणार नाही, असं मी तिला इतक्यांदा ऐकवलंय की आता कळलं तर ती मला जगू द्यायची नाही. कुणालातरी कपाटाच्या खर्चाचा अंदाज लिहून देतोय अशी तिची समजूत आहे.

दादा

६ मार्च

बारक्या,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे. मी लिहीत राहणार, पोस्टमन थकला तर थकू दे.

मला वाटतं तू घाबरून तपासणी टाळतोयस. तू मूळचाच घाबरट, फक्त चेहऱ्यावर दाखवत नाहीस. म्हणून सगळं नीट सांगतो. उद्या तुझ्यावर वेळ आली तर निदान कशाला सामोरं जायचं ते माहीत असेल.

ऑपरेशन नको, शेक द्यायचा असं ठरलं. किरणांचा शेक. इथे सगळे शेकच म्हणतात, पण गरम काही लागत नाही म्हणे. मी डॉक्टरांना विचारलं, हे किरण कातडीतून शिरणार, वाटेतलं सगळं भाजत जाणार, मग गाठीपर्यंत पोचेस्तोवर माझं काय शिल्लक राहील? त्यांनी कागदावर एक ठिपका काढला आणि चारी बाजूंनी त्याच्यातून आरपार जाणाऱ्या फिकट रेघा मारल्या. एका रेघेत फारसा दम नसतो. पण सगळ्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे कागद काळा झाला होता. मशीनचा हात माझ्याभोवती फिरणार आणि प्रत्येक बाजूने थोडंथोडं सोडणार. वाटेतल्या भागाला जेमतेम लागेल, गाठीला सगळ्यांचं मिळून लागेल. मला ते चटकन पटलं. एकाच ठिकाणी जाड खिळा हाणला तर फळी चिरते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अडचण निराळीच आहे. ही ग्रंथी अक्रोडाएवढी. तिच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय. दोन्ही शेजारी रोज भरतात, रोज रिकामे होतात आणि भरताना हिला ढकलतात. आणि किरण तर ठरल्या जागीच जाणार. म्हणून रोज येताना आतली मांडणी एकसारखी हवी. पोट साफ आणि मूत्राशय भरलेलं. मूत्राशय भरलेलं असलं की त्याचा बराचसा भाग आणि आतडी वर उचलली जातात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. त्यासाठी ठरलेलं पाणी प्यायचं आणि नंबर लागेपर्यंत धरून बसायचं.

तर आमची बसायची खोली बघण्यासारखी असते. पाच-सहा म्हातारे, प्रत्येकाच्या मांडीवर रिकामी बाटली, सगळे ताठ बसलेले. कुणी विनोद करायचा नाही अशी सक्त ताकीद, ती आमची आम्हीच घातलेली. त्यांच्यात एक निवृत्त बसड्रायव्हर आहे. सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणतात. त्याचं म्हणणं, नोकरीभर आपण दुसरं काय केलं? शेवटचा स्टॉप येईपर्यंत धरूनच तर ठेवलं.

परवा स्कॅन काढला आणि अंगावर खुणा केल्या. मशीनवर काम करणारी एक मुलगी आहे, आपल्या पोरांपेक्षा लहान. तिने मला एका अरुंद टेबलावर झोपवलं, पायांखाली साचा दिला आणि बेंबीखाली एक, कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक अशा शाईच्या फुल्या काढल्या. वरून पारदर्शक पट्टी चिकटवली. म्हणाली, काका, खुणा पुसट झाल्या तर आम्हाला सांगा, स्वतः काढू नका. मी मान डोलावली.

मला वाटतं इतकं वाचून तुझी भीती थोडी मोडली असेल. आकडा कळव.

दादा

१५ मार्च

बारक्या,

शेक सुरू झाला. दुखत नाही. खरंच काही कळत नाही.

मशीनच्या खोलीचं दार इतकं जाड आहे की बघत राहावं. बिजागऱ्या कोण करतं कुणास ठाऊक. आत गेल्यावर टेबलावर पडायचं. बोटाने वाजवून पाहिलं, ते ना लाकूड, ना पत्रा. भिंतींतून लाल रेघा येतात, ओळंबा लावल्यासारख्या सरळ. त्या माझ्या फुल्यांवर बसेपर्यंत ती मुलगी आणि तिचा जोडीदार मला इकडून तिकडून सरकवतात. आपण नाही का दाराचा पल्ला चौकटीत बसवताना सरकवत, तसं. मग दोघं बाहेर जातात, दार बंद होतं आणि मी एकटा. आधी एक फोटो निघतो, मग टेबल आपलं आपणच केसभर सरकतं, मग मोठा हात गोल फिरायला लागतो. त्याच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्यांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत. प्रत्येक पट्टी वेगळी सरकते आणि त्या बाजूने गाठ जशी दिसते तेवढ्याच आकाराची फट सोडते. हात फिरला की फट बदलते. मी श्वाससुद्धा जपून घेत तिकडे बघत पडतो. खरं सांगू, काम फार स्वच्छ आहे.

थकवा येतो. दुपारी कारखान्यात बसल्याबसल्या डुलकी लागते, कारागीर न बघितल्यासारखं करतात. लघवीला घाई होते. बाकी ठीक.

काल पुन्हा फोन केला होता. तुझ्या बायकोनेच उचलला. "ते बाहेर गेलेत" म्हणाली. मग फोन ठेवायच्या ऐवजी हळूच विचारलं, "दादा, सोन्याचे दाणे बसवले का तुम्हाला?" मी म्हटलं, हो, बसवले. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

नंतर माझ्या लक्षात आलं की दाण्यांचं मी तुला लिहिलंच नव्हतं. ही ग्रंथी रोजच्या फोटोत नीट ओळखू येत नाही, पण सोनं लख्ख दिसतं. म्हणून स्कॅनच्या आधी सुईने तिच्यात तीन दाणे ठेवले, तांदळाएवढे. रोज ते ठरल्या जागी आहेत ना ते बघतात आणि त्यांच्या अंदाजाने टेबल सरकवतात. बाबांनी आपल्याला गुंजभर सोनं ठेवलं नाही, हॉस्पिटलने ठेवलं, तेही अशा जागी की तुझी वहिनी कधी मागणार नाही. हे तुझ्या बायकोला कसं माहीत? टीव्हीवर बघितलं असेल.

असो. निदान तिच्या बोलण्यावरून एवढं कळलं की पत्रं पोचतात आणि घरात वाचली जातात. मग रक्त द्यायला काय झालं? तूही वाचतोस की तीच वाचते?

दादा

२३ मार्च

बारक्या,

आज एक गंमत सांगतो. तू हसशील. हस, पण हसून झाल्यावर तपासणीला जा.

आंघोळीत कमरेवरची एक पट्टी निघाली आणि फुली पार पुसट झाली. त्या मुलीने सांगून ठेवलं होतं की आम्हाला सांगा. पण एका फुलीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं हेच मला पटेना. जन्मभर खुणाच तर करत आलो. कारखान्यात गेलो, दार लावून घेतलं, शर्ट वर केला, आरशासमोर उभा राहिलो. उरलेल्या शाईवर काटकोन बघायचा गुण्या लावला, दुसऱ्या बाजूच्या फुलीशी पातळी जुळवली आणि काळ्या मार्करने अशी फुली मारली की बाबांनीसुद्धा नाव ठेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पडलो. लाल रेघा फुल्यांवर आणायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी मनातल्या मनात म्हटलं, आधीच्या तुमच्या खुणाच ढिल्या असतील. दोघं बाहेर गेले, फोटो निघाला, आणि पुढे काहीच होईना. हात फिरेना. मग दार उघडलं आणि ती मुलगी आत आली. म्हणाली, दाणे जागेवर दिसत नाहीत, फरक नेहमीपेक्षा फार आहे, इतका असला की आम्ही शेक देत नाही. तिने माझ्या कमरेकडे पाहिलं आणि विचारलं की ही फुली कोणी काढली? मी म्हटलं, मी. अगदी गुण्या लावून काढलीय.

मला वाटलं आता ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "काका, उभ्याने काढलीत ना? उभं राहिलं की कातडी खाली ओघळते, झोपलं की पसरते. फुली कातडीवर असते, गाठ आत असते. आम्ही झोपवून काढतो ती त्यासाठीच."

मी म्हटलं, लाकूड असं करत नाही. ती म्हणाली, लाकडाला आम्ही शेक देत नाही. पडल्यापडल्या तिने माझी फुली स्पिरिटने पुसली. आधीची मापं काढून, दाण्यांशी जुळवून नवी काढली, वर पट्टी मारली. तोवर मूत्राशयाची कोण दशा. बाहेर पाठवलं, पुन्हा पाणी प्यायलो, पुन्हा बसलो. माझ्यामुळे मागच्या सगळ्यांना उशीर झाला आणि ड्रायव्हर माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

घरी तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती हसता हसता खाली बसली. म्हणाली, स्वतःच्या पोटालासुद्धा रंधा मारायला कमी करणार नाहीत हे.

कातडी सरकते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तुला होतं का?

दादा

२ एप्रिल

बारक्या,

आज मशीन बंद पडलं. आम्ही सगळे भरलेले, बसलेले, आणि आतून निरोप आला की थोडा वेळ लागेल. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी ड्रायव्हर उठला आणि ताठ मानेने बाहेर गेला, तो परत आल्यावर खुर्चीत आरामात मागे रेलून बसला. मग आम्ही एकेक करून त्याच्या मागोमाग गेलो. पाणी पुन्हा पहिल्यापासून.

त्या रिकाम्या वेळात ड्रायव्हरने विचारलं, तुम्ही सारखं हे काय लिहीत असता? मी सांगितलं, भावाला पत्रं. त्याने विचारलं, उत्तरं येतात? म्हटलं नाही. तो म्हणाला, मग कशाला लिहिता? वेळ जात नाही म्हणून, असं सांगून मी टाळलं. खरं कारण आता सांगतो, तुलाच.

मला भीती वाटते. माझी तितकी नाही, माझं काम चांगल्या हातांत आहे. पण बाबा शेवटी उठून बसू शकत नव्हते, ते डोळ्यांसमोर येतं आणि हल्ली त्यांच्या जागी तू दिसतोस. तुझ्या कमरेखाली हात घालायला मी तिथे नसतो.

मला समेट नको. चौकटीबद्दल एक शब्द नको. वाटल्यास मरेपर्यंत बोलू नकोस. फक्त तो आकडा कागदावर लिही आणि पाठव. सही केली नाहीस तरी चालेल, तुझं अक्षर मला कळतं.

दादा

१४ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र मिळून आठवडा होऊन गेला. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो असतो, तर जे लिहिलं असतं ते तुझ्याने वाचवलं नसतं.

कारखान्यात फळ्यांच्या थप्पीवर बसून वाचलं. चारच ओळी. "दादा, मला तपासणीची गरज नाही. मला तीन वर्षांपूर्वीच झाला होता. शेक घेतलाय, आता बरा आहे, सहा महिन्यांनी दाखवत असतो. पोराला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस."

पहिल्यांदा काय वाटलं ते आधी सांगतो. जिवात जीव आला. तू बरा आहेस एवढंच दोनदा वाचलं. आणि मग अंगाचा तिळपापड झाला. मी इकडे तुझ्यासाठी पत्रांवर पत्रं लिहितोय, तुझी भीती घालवायला मशीनच्या पट्ट्या कशा सरकतात ते समजावतोय, आणि तू तसल्याच टेबलावर तीन वर्षांपूर्वी पडून आलेला. दाण्यांचं तुझ्या बायकोने का विचारलं ते आता कळलं. तिला सांगायचं होतं, तू सांगू दिलं नाहीस.

डॉक्टरांना विचारलं, मला तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर? ते म्हणाले, तेव्हा तपासलं असतं तर कदाचित फार लहान सापडला असता, नुसती नजर ठेवून भागलं असतं. कदाचित तेव्हा काही दिसलंच नसतं. नक्की सांगता येत नाही. पण आजही आपल्याला उशीर झालेला नाही. काल माझा शेवटचा शेक झाला. त्या मुलीने विचारलं, खुणा पुसून देऊ का? मी म्हटलं, राहू देत, आपोआप जातील.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही. राग आहे. पण कशाचा आहे ते मला इतक्या दिवसांत नीट उमगलं. मला कळवलं नाहीस, त्याचा तर आहेच. त्याहून जास्त याचा आहे की तू ते पाणी पिऊन एकटा बसलास. जाड दार बंद झाल्यावर छताकडे बघत पडलास, तेव्हा बाहेर तुझी बायको एकटी होती. मला घरी तुझी वहिनी होती, पोरगा होता, तिथे तो ड्रायव्हर होता. तुला मी एका हाकेवर होतो आणि ती हाक तू मारली नाहीस. इतक्या वर्षांत तू केलेलं बाकी सगळं मी गिळलं. हे घशाखाली उतरत नाही.

आता पोराचं. सांगू नकोस म्हणतोस. बारक्या, बाबांना स्वतःलाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्याला सांगितलं नाही. तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. आता आपल्या दोघांनाही माहीत आहे. माझ्या पोराची चाळिशी जवळ आली, तुझा त्याच्या मागोमाग. डॉक्टर म्हणाले, आजोबा, बाप, काका असं असेल तर मुलांनी चाळिशीपासूनच दरवर्षी रक्त तपासायला हवं, विसरून चालणार नाही. एका फुलीसाठी माझा शेक थांबवला होता त्यांनी. आणि आपण जाणूनबुजून पोरांना अंधारात ठेवायचं?

मी तुझ्या मुलाला फोन केला. घाबरू नकोस, काही सांगितलं नाही. येत्या रविवारी कारखान्यावर ये, तुझा चुलतभाऊही येतोय, थोडं बोलायचंय, एवढंच म्हटलं. त्याने आवाज ओळखला नाही. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "येतो, काका." इतक्या वर्षांत मला कुणी काका म्हटलं ते फक्त त्या मशीनवरच्या मुलीने.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "काका, बाबा बरे आहेत ना? काही लपवताहेत असं मला दोन-तीन वर्षं वाटतंय."

मी म्हटलं, रविवारी तो येणार आहे, त्यालाच विचार.

माझं मी सांगेन. तुझं सांगणार नाही, ते तुझं आहे. रविवारी तो दारात उभा राहून मला नाही, तुला विचारणार आहे. ये.

दादा